कोच काढा, पण पैसे कोण देणार?

२५ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या म्हणजे एलएसयूच्या टायगर स्टेडियमवर टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा संघ खेळायला आला होता. एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात असं हे मैदान. पाहुण्यांनी ४९-२५ असा धुव्वा उडवला. सामना संपायच्या आतच घरचे प्रेक्षक उठून जायला लागले आणि जे थांबले त्यांनी आपल्याच प्रशिक्षकाला, ब्रायन केली यांना, काढून टाकण्याच्या घोषणा सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी केली यांची गच्छंती झाली. चार वर्षांपूर्वी याच गृहस्थांना दहा वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलरचा करार देऊन नोटर डेम विद्यापीठातून आणलं होतं. करारातली बरीच वर्षं शिल्लक असल्यामुळे त्यांना घरी बसवण्याची किंमत निघाली सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे आपले पावणेपाचशे कोटी रुपये.

हा फुटबॉल म्हणजे आपण कोल्हापुरात किंवा मडगावात पाहतो तो नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लंबगोल चेंडू आणि हातात चेंडू घेऊन पुढे मुसंडी मारणारा अमेरिकी खेळ. पहिला आंतरविद्यापीठ सामना १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, व्यावसायिक लीग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या. अलाबामासारख्या राज्यांत आजही एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. पेन स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ६ हजार लोक बसतात आणि ते ज्या गावात आहे त्या स्टेट कॉलेजची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. पुण्या-नाशिकची, नागपूरची मुलं एमएस करायला ए अँड एमला, पर्ड्यूला, ओहायो स्टेटला जातात, तेव्हा पहिल्याच सेमिस्टरमध्ये त्यांना याची चुणूक मिळते. शनिवारी सामना आहे, सबब आपापल्या गाड्या पार्किंगमधून हलवा, असे ईमेल विद्यापीठाकडूनच येऊ लागतात.

अशा वातावरणात कोच बदलायचा म्हटला की सगळं राज्य त्यात उतरतं. केशकर्तनालयात, चर्चच्या पायरीवर, ऑफिसात, रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमांत दुसरा विषय नसतो. आणि गंमत बघा, या चर्चेत डावपेचांइतकंच, किंबहुना जास्तच, पैशांबद्दल बोललं जातं. करार किती वर्षांचा आहे, ‘बायआउट’ म्हणजे मुदतीआधी काढल्यास द्यायची भरपाई किती, कुठल्या तारखेनंतर तो कमी होतो, मोठ्या देणगीदारांपैकी कोण नाराज आहे, हे साध्या चाहत्यालाही तोंडपाठ असतं. माझं मत असं की ही चर्चा उथळ नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्थकारणाची सगळ्यात जिवंत सार्वजनिक तपासणी हीच आहे.

आधी कोचचा शोध कसा चालतो ते पाहू. विद्यापीठाचा क्रीडासंचालक हा कागदोपत्री निर्णय घेणारा. त्याच्याकडे मनातल्या नावांची एक यादी कायम तयार असते. पण ज्याला आणायचं तो बहुधा दुसऱ्या विद्यापीठात नोकरीत असतो आणि त्याचा हंगाम चालू असतो. थेट बोलणं दोघांनाही अडचणीचं. म्हणून मध्ये एजंट येतो. जिमी सेक्स्टन हे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव; निक सेबन, जिम्बो फिशर, लेन किफिन हे नामांकित कोच सगळे त्यांचेच अशील. एकाच एजंटाचा एक कोच नोकरी सोडतो तेव्हा ती रिकामी जागा त्याच एजंटाच्या दुसऱ्या कोचचा पगार वाढवायला उपयोगी पडते. विद्यापीठ उमेदवार शोधण्यासाठी खासगी सल्लागार कंपनीही नेमतं. तिचा एक उपयोग असा की सरकारी विद्यापीठाची कागदपत्रं माहितीच्या कायद्याखाली मागता येतात, मध्यस्थ कंपनीने केलेले फोन सहसा हाती लागत नाहीत. २००१ मध्ये नोटर डेमने जॉर्ज ओ’लिअरी यांना नेमलं आणि अवघ्या पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, कारण बायोडेटात लिहिलेली पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतलेलीच नव्हती. तेव्हापासून उमेदवाराची कसून चौकशी करणं हे या कंपन्यांचं अधिकृत काम झालं.

कंपन्या गुप्तता पाळतात तर चाहते विमानं मोजतात. देणगीदारांच्या आणि विद्यापीठांच्या खासगी जेटचे नोंदणी क्रमांक लोकांना माहीत असतात, उड्डाणं इंटरनेटवर उघड दिसतात, आणि गावच्या छोट्या धावपट्टीवर अमुक शहरातून विमान उतरलं एवढ्यावरून रात्रभर तर्क लढवले जातात. त्यातले बहुतेक चुकतात. पण २००७ च्या जानेवारीत अलाबामाचे क्रीडासंचालक माल मूर खरोखरच विमान घेऊन फ्लोरिडाला गेले आणि मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे कोच निक सेबन यांना घेऊन परतले. काही आठवड्यांपूर्वीच सेबन यांनी आपण अलाबामाला जाणार नाही असं पत्रकारांसमोर निक्षून सांगितलं होतं. वर्षाला ४० लाख डॉलर हा त्यांचा पगार तेव्हा डोळे पांढरे करणारा वाटला. पुढच्या सतरा हंगामांत त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या त्या काळात झपाट्याने वाढली आणि त्यात परराज्यातले, जास्त फी भरणारे विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर होते. त्या वाढीचं सगळं श्रेय फुटबॉलला देता येत नाही, विद्यापीठाने शिष्यवृत्त्याही सढळ हाताने दिल्या. तरी तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठाच्या डोक्यात एकच विचार बसला: आपल्यालाही आपला सेबन हवा.

आता मूळ प्रश्न. शिक्षणसंस्थेतल्या प्रशिक्षकाला एवढे पैसे कुठून आणि का? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांपैकी सर्वाधिक पगार घेणारी व्यक्ती म्हणजे एखाद्या विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असते. गव्हर्नर नाही, वैद्यकीय महाविद्यालयाचा सर्जन नाही.

याचं उत्तर १९८४ पासून सुरू होतं. तोपर्यंत एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची संघटना कुठला सामना टीव्हीवर दिसणार, कुठला संघ किती वेळा झळकणार हे ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. बाजार पूर्ण खुला झाला तर विद्यापीठीय खेळाचं शैक्षणिक रूप टिकणार नाही, ही त्यांची भीती होती. पुढे विद्यापीठांचे गट, ज्यांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात, टीव्ही कंपन्यांशी स्वतःच सौदे करू लागले. बिग टेन या गटाचा २०२२ मध्ये झालेला सौदा सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून जास्त रकमेचा आहे.

पैसा आला, पण तो मिळवून देणाऱ्या खेळाडूंना पगार द्यायचा नाही हा नियम मात्र बराच काळ कायम राहिला. खेळाडू म्हणजे विद्यार्थी, त्याला शिष्यवृत्ती, राहणं, जेवण. त्यापलीकडे काही घेतलं तर बंदी. आता असा विचार करा: उत्पन्न दरवर्षी वाढतंय, नफा वाटून घेणारे भागधारक नाहीत, आणि ज्यांच्या जिवावर उत्पन्न येतं त्यांना द्यायची मनाई आहे. मग चांगला खेळाडू आपल्याकडे खेचायला विद्यापीठाच्या हातात उरतं काय? त्याला भुरळ घालणारा कोच आणि डोळे दिपवणाऱ्या सोयी. क्लेमसन विद्यापीठाने २०१७ मध्ये साडेपाच कोटी डॉलर खर्चून फुटबॉलपटूंसाठी जी इमारत उभारली तिच्यात घसरगुंडी आहे, मिनी गोल्फ आहे, बोलिंगची लेन आहे. खेळाडूच्या खिशात जाऊ न शकलेला पैसा असा भिंतींत आणि कोचच्या करारात साचत गेला. कोचच्या किमतीचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. त्यांचं कौशल्य खरं आहे, पण एवढी रक्कम कौशल्याने येत नाही, ती खेळाडूंच्या न दिलेल्या मजुरीतून येते.

टेक्सस ए अँड एमचं उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी जिम्बो फिशर यांना फ्लोरिडा स्टेटमधून आणलं. दहा वर्षं, साडेसात कोटी डॉलर, पूर्ण हमी. २०२० चा हंगाम छान गेला, दुसरं विद्यापीठ त्यांना पळवेल अशी धास्ती वाटली आणि २०२१ मध्ये करार २०३१ पर्यंत वाढवून वर्षाला नव्वद लाख डॉलरच्या घरात नेला. १२ नोव्हेंबर २०२३ ला त्यांना काढलं. देणं निघालं ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या दराने सहाशे कोटींहून जास्त रुपये. सुमारे चौथा हिस्सा साठ दिवसांत आणि उरलेला वार्षिक हप्त्यांनी २०३१ पर्यंत.

या करारात एक वाक्य नव्हतं आणि त्याची किंमत फार मोठी पडली. एरवी अशा करारात अट असते की काढलेल्या कोचने नवी नोकरी शोधली पाहिजे आणि तिथला पगार जुन्या विद्यापीठाच्या देण्यातून वजा होईल. फिशर यांच्या करारात ही वजावट नव्हती. दुसरीकडे काम केलं तरी ए अँड एमचे हप्ते पूर्णच. याउलट पेन स्टेटने १२ ऑक्टोबर २०२५ ला जेम्स फ्रँकलिन यांना काढलं तेव्हा देणं होतं सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर, पण वजावटीची अट होती. महिना-सव्वा महिन्यातच व्हर्जिनिया टेकने फ्रँकलिन यांना नेमलं आणि पेन स्टेटची सुटका ९० लाखांत झाली. चार कोटी डॉलरचा फरक. क्रीडासंचालक करारावर सही करत असताना चाहत्यांनी विचारायला हवा असा प्रश्न हाच आहे, कारण काढायची वेळ येते तेव्हा विचारून उपयोग नसतो.

ही भरपाई देतं कोण? विद्यापीठांचं ठरलेलं उत्तर: करदात्यांचा किंवा फीचा एक डॉलरही यात नाही, सगळं देणगीतून आणि क्रीडा विभागाच्या उत्पन्नातून. ए अँड एमनेही तसंच सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण देणगीचा इतिहास पाहिला तर चित्र एवढं सरळ राहत नाही. मोठ्या मैदानांवर चांगली जागा नुसतं तिकीट काढून मिळत नाही, ती विकत घेण्याचा हक्क मिळवायला आधी देणगी द्यावी लागते. २०१७ पर्यंत त्या देणगीचा ८० टक्के भाग आयकरातून वजा व्हायचा. म्हणजे पन्नासाव्या यार्डच्या, मैदानाच्या बरोबर मध्यावरच्या रेषेसमोरची खुर्ची देशभरच्या करदात्यांनी थोडी थोडी उचलून धरली होती. २०१७ च्या करसुधारणेने ही सवलत गेली. त्याशिवाय एक दाता एका कोचच्या बायआउटला पाच लाख डॉलर देतो तेव्हा ते पैसे ग्रंथालयाकडे किंवा प्रयोगशाळेकडे गेले असते की नाही हे कुणीच सिद्ध करू शकत नाही, पण तोच दाता, तोच फोन आणि तेच विद्यापीठ असतं हे खरं. तेलसम्राट बून पिकन्स यांनी ओक्लाहोमा स्टेटच्या क्रीडा विभागाला एकरकमी १६ कोटी ५० लाख डॉलर दिले. अशा माणसाला कोच पसंत नसेल तर क्रीडासंचालकाला झोप कशी लागणार?

ज्यांच्याकडे पिकन्स नाहीत आणि बिग टेनसारखा टीव्हीचा पैसाही नाही, तिथली गोष्ट मला जास्त टोचते. लहान गटांतल्या कितीतरी विद्यापीठांत क्रीडा विभागाच्या खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून येतो. कधीही स्टेडियमची पायरी न चढलेली, शिक्षणकर्ज काढून शिकणारी मुलगीही तो भरते. श्रीमंतांकडेही सगळं आलबेल नाही. ओहायो स्टेट हे देशातल्या सर्वाधिक कमावत्या क्रीडा विभागांपैकी एक, तरी २०२३-२४ मध्ये तिथे सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलरची तूट आली. तिथे फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, नेमबाजी, मुलींचे खेळ असे तीन डझन खेळ पोसले जातात. अमेरिकेचे ऑलिंपिक पदकविजेते मोठ्या संख्येने याच व्यवस्थेतून येतात. २०२० मध्ये स्टॅनफर्डने अकरा खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. माजी खेळाडूंनी जोर लावल्यावर पुढच्या वर्षी निर्णय मागे घेतला.

खेळाडूंचा बांध शेवटी फुटला. २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून कमावता येऊ लागलं. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली: जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा. खेळाडूंना वाटा मिळू लागला की कोचचे भाव उतरतील, असा कयास होता. घडलं उलटंच. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पेन स्टेट, फ्लोरिडा, ऑबर्न, आर्कान्सॉ, एलएसयू अशी मोठी नावं हंगाम अर्ध्यावर असताना कोचविना झाली. खेळाडूंवर खर्च होणारा पैसा वाढला म्हणून दात्यांची अधीरता वाढली. शिवाय नव्या खेळाडूंच्या सह्यांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला आली आहे, त्यामुळे नवा माणूस नोव्हेंबरअखेर हवाच, आणि त्यासाठी जुन्याला ऑक्टोबरात काढायला हवं.

एलएसयूमध्ये तर हे सगळं काही आठवड्यांत उघड्यावर आलं. केली यांना आणणारे क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड हेच पूर्वी ए अँड एममध्ये होते आणि फिशर यांचा पहिला दहा वर्षांचा करार त्यांच्याच काळातला. लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी एवढ्या मोठ्या भरपाईवर बोट ठेवत जाहीरपणे सांगितलं की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी वुडवर्ड पायउतार झाले. मग केली यांना कायदेशीररीत्या काढलं होतं की नव्हतं यावरच वाद, केली यांचा कोर्टात दावा, आणि शेवटी पूर्ण रक्कम देण्याची विद्यापीठाची कबुली. आणि ३० नोव्हेंबरला नवा कोच आला: लेन किफिन, सात वर्षं, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. प्लेऑफच्या उंबरठ्यावर असलेला ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा संघ त्यांनी त्यासाठी अर्ध्यावर सोडला. लँड्री यांनी उपस्थित केलेला भरपाईचा मुद्दा रास्त होता, पण निवडणूक लढवणाऱ्या नेत्याने कोचच्या निवडीत हात घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

एवढं करून संघ सुधारतो का? ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी कोच बदललेल्या आणि न बदललेल्या, पण तितकीच वाईट कामगिरी असलेल्या संघांची तुलना केली. अगदी तळाच्या संघांना बदलाचा फारसा फायदा दिसला नाही, आणि मध्यम दर्जाच्या संघांची पुढची काही वर्षं उलट थोडी वाईट गेली. अपवाद असतात आणि आशा अपवादांवरच जगते. वर्षानुवर्षं हरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इंडियाना विद्यापीठाने २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी यांना जेम्स मॅडिसन या छोट्या विद्यापीठातून आणलं, तेही केली यांच्या साधारण निम्म्या पगारात. दुसऱ्याच हंगामात इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. साठी ओलांडलेल्या सिग्नेटी यांचं नाव मोठ्या विद्यापीठांच्या यादीत आधी का नव्हतं, हा प्रश्न लाखो डॉलर मोजून नेमलेल्या सल्लागारांना विचारला पाहिजे.

या सगळ्याला ठाम नकार देणारंही एक विद्यापीठ होऊन गेलं. शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. प्रतिष्ठेच्या हाइझमन करंडकाचा पहिला मानकरी जे बरवँगर तिथलाच. १९३९ मध्ये अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी वरिष्ठ पातळीवरचा फुटबॉल बंद केला. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ ला एनरिको फर्मी यांच्या गटाने जगातली पहिली नियंत्रित अणुविखंडन साखळी प्रक्रिया घडवली.

पण बंद करणं हाच शहाणपणाचा मार्ग असं मला वाटत नाही, आणि त्याला कारण बर्मिंगहॅमचे चाहते. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेने, यूएबीने, २ डिसेंबर २०१४ ला फुटबॉल परवडत नाही म्हणून बंद करत असल्याचं जाहीर केलं. संघ त्या वर्षी सहा सामने जिंकला होता. खेळाडू रडले, चाहते रस्त्यावर आले. इथवर सगळं नेहमीचंच. पुढे मात्र त्यांनी विद्यापीठाने पुढे केलेला सल्लागाराचा अहवालच मागून घेतला आणि त्यातली गणितं तपासायला लावली. विद्यापीठ स्वतःलाच ‘देतं’ ती शिष्यवृत्ती पूर्ण फीच्या भावाने खर्च म्हणून धरली होती, जेव्हा वर्गात आणखी एक मुलगा बसवायला प्रत्यक्षात तितका खर्च येत नाही. क्रीडा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी नव्याने हिशोब मांडला तेव्हा फुटबॉलचा तोटा जवळजवळ नाहीसा झाला. शहरातल्या उद्योजकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि शिकत असलेल्या मुलांनीही पैसे उभे केले आणि १ जून २०१५ ला विद्यापीठाने फुटबॉल परत आणण्याची घोषणा केली. कोच बिल क्लार्क यांच्याकडे दोन हंगाम खेळवायला सामनेच नव्हते, तरी ते दुसरीकडे गेले नाहीत. २०१७ मध्ये संघ मैदानात उतरला, आठ सामने जिंकला, आणि पुढच्या वर्षी आपल्या गटाचा विजेता झाला.